आईचं प्रभुभोजन दिवस मावळेपर्यंत झाकून राहिलं त्याबद्दल

लातूर,
२७ मे २०२०, बुधवार

ती. मामांच्या सेवेशी, शांतवनचा प्रभूमध्ये सलाम.

(‘ती.’ लिहावं की नाही यावर मी बराच वेळ अडलो होतो. चाळीस वर्षं पाळकपण केलेल्या माणसाला तीर्थ चिकटवणं योग्य का, हा प्रश्न. पण शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असत आणि त्यातला अर्धा ‘ती.’चा, तो सोडवत नाही. चुकलं असल्यास कळवावं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मामींनी साखर तपासून घेतली का? बिलोलीला यंदा ऊन फार असं ऐकतो, तरी दुपारी बाहेर पडू नये. इकडे आई ब्याऐंशीव्या वर्षी आमच्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत आहे. तुमची भाचेसून नीला दवाखान्यात ड्यूटीवर आहे. नर्सेसना चौदा दिवस तिकडेच ठेवतात, त्यामुळे स्वयंपाकघर आई आणि मी मिळून चालवतो, म्हणजे आई चालवते आणि मी बोलणी खातो. मीही बरा आहे, असं लिहायची पद्धत आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्या घरातलं बोलणं घरात राहत नाही, याचा मला या महिन्यात चांगलाच धडा मिळाला, म्हणून कागद घेतला. मामा, मला तुमच्याकडून एका गोष्टीचा निकाल हवा आहे. आईने तीन मे रोजी जे प्रभुभोजन घेतलं ते धरायचं की नाही, आणि सात जूनच्या प्रभुभोजनाला तिला बसू द्यायचं की नाही? मंडळीच्या पंचांतले एक वडील, नाव लिहीत नाही, म्हणतात की खुलासा होईपर्यंत रत्नम्माबाईंनी मागे राहावं. खुलासा लिहायचा चिटणिसाने. चिटणीस मीच. म्हणजे माझ्याच आईविरुद्ध, माझ्याच घरात घडलेल्या प्रकाराचा अहवाल मीच लिहून मलाच सादर करायचा आहे. मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही. क्रमाने सांगतो.

आमच्या वरच्या मजल्यावर नीट परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुली राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. (भूकंपाने लातूर रिकामं होईल असं तेव्हा लोक म्हणत, आता गल्लीतल्या गोठ्यातसुद्धा कॉट टाकून पोरं अभ्यास करतात.) टाळेबंदी लागली तेव्हा चारातल्या दोघी आधीच गावी गेलेल्या होत्या आणि दोघी अडकल्या. एक उदगीरची मंजुश्री, आडत दुकानवाल्या मन्मथअप्पांची मुलगी, कपाळाला विभूती लावल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. दुसरी तुमच्याच बिलोलीची लुबना, स्टो आणि कुकर दुरुस्त करणाऱ्या जिलानीभाईंची. मेस बंद पडली तशा दोघी आमच्याकडे जेवू लागल्या. आईला त्यामुळे दहा वर्षं कमी झाली. पंचवीस एप्रिलपासून लुबनाचे रोजे सुरू झाले तर आई पहाटे तिच्याबरोबर उठून तिला भाकरी थापून देई. मला वाटे, चांगलं आहे, शेजारधर्म आहे. पुढे काय होणार याची मला कल्पना असती तरी मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

एप्रिलच्या शेवटी पाळकसाहेबांनी मंडळीच्या ग्रुपवर जाहीर केलं की मे महिन्याच्या पहिल्या रविवारचं प्रभुभोजन घरोघरी होईल. प्रत्येकाने भाकर आणि द्राक्षरस पुढे ठेवून मोबाइलसमोर बसावं, ते मंदिरातून आशीर्वाद मागतील. मी हे वाचलं आणि चहा तसाच ठेवला. आशीर्वाद किती लांब पोचतो? ताटली मोबाइलपासून किती अंतरावर हवी? उदगीरच्या कुटुंबांना आवाज सात-आठ सेकंद उशिरा पोचतो, तर त्यांनी कधी खावं? मध्येच रेंज गेली तर अर्धवट आशीर्वादाच्या भाकरीचं काय करायचं? रोजनिशीत असे सतरा प्रश्न लिहिले. पाळकसाहेबांना त्यातले चारच विचारले. ते शांतपणे म्हणाले की अंतराचा प्रश्न देवाला पडत नसतो, तुम्ही लिंकचं बघा. लिंकचं माझ्याकडे यायचं कारण म्हणजे कोचिंगमध्ये मी वनस्पतिशास्त्र ऑनलाइन शिकवतो आणि मंडळीत तेवढं येणारा मी एकटाच.

मग सामग्री. मंदिरात पावाच्या कडा काढून चौकोन करतात. बेकरी बंद होती. मी पोळीचे चौकोन सुचवले. आई म्हणाली शास्त्रात भाकर म्हटलंय, तर भाकर म्हणजे भाकर, आणि जोंधळ्याची थापली. रसासाठी नीला दर वेळी शनिवारी काळ्या मनुका उकळून गाळून ठेवते. दुकानात काळ्या मनुका नव्हत्या. डब्यात खिरीसाठी ठेवलेले पिवळे बेदाणे सापडले. त्यांचं पाणी फिक्कट चहासारखं झालं. रंग यावा म्हणून मी त्यात बिटाची फोड घातली, आणि गाळताना लक्षात आलं की बीट हे मूळ आहे, वेलीचं फळ नव्हे. (हे इतर कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी मात्र वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे.) सगळं ओतून पुन्हा केलं, फिक्कट तर फिक्कट. मंदिरातले काचेचे छोटे पेले कुलपात होते, म्हणून खोकल्याच्या औषधाची मापाची दोन टोपणं धुऊन घेतली. आईला पाच मिली, मला पाच मिली. त्यावरच्या रेघांमुळे मला फार आधार वाटला.

रविवारी दहाला उपासना सुरू झाली. एकसष्ट घरं आली. ज्यांनी टाळेबंदीआधी दोन वर्षं मंदिराचं तोंड पाहिलं नव्हतं तेही आले. पडद्यावर माझं नाव ‘बॉटनी, दुसरी बॅच’ असं येत होतं, ते मला बदलता आलं नाही. गीतं झाली, उपदेश झाला, आणि पाळकसाहेबांनी ताटली हातात घेतली. आता मामा, नव्वद पोरांना पेशीविभाजन शिकवायचं तर आधी सगळ्यांचे आवाज बंद करावे लागतात. गंभीर भाग आला की माझं बोट आपोआप त्या बटणावर जातं. ते गेलं. त्याने एकसष्ट घरांचे आवाज बंद झाले आणि त्यांत पाळकसाहेबांचाही झाला. चालू राहिला फक्त वर्ग घेणाऱ्याचा. म्हणजे आमचा.

पाळकसाहेबांचे ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते, आणि पवित्र शब्दांच्या जागी मंडळीला आमच्या घरातलं ऐकू येत होतं. मला हे कळायला दीड मिनिट लागलं, कारण त्या दीड मिनिटात मी आईशी बोलत होतो. आई आणि मी खाली चटईवर. समोर उंबऱ्याशी लुबना बसलेली, कारण तिला गाणी आवडतात आणि आईनेच तिला बोलावून बसवलं होतं. मंजुश्री पोहे खाऊन झोपाळ्यावर. आईने भाकरीचा तुकडा हातात घेतला, उंबऱ्याकडे बघितलं आणि तुकडा खाली ठेवला. मी खुणेने विचारलं, काय झालं? ती खुणेने बोलणारी बाई नव्हे.

“पोरगी पहाटेधरनं पान्याचा घोट न्हाई घेतलेली समोर बसलीय, अन् मी तिच्या म्होरं तोंड हलवू?”

मी हलक्या आवाजात (मला तो हलका वाटला) समजावलं की हे जेवण नव्हे, हा विधी आहे. त्यावर ती म्हणाली, “इधी असू दे की. तोंडातच घालायचं हाय न्हवं?” लुबना गडबडून उठू लागली, आज्जी तुम्ही खा, मला काय होत न्हाई, म्हणू लागली. आईने तिला हाताला धरून परत बसवलं आणि मला म्हणाली की पौलाने त्या भांडखोर मंडळीला हेच तर खडसावलंय, एक जेवतो आणि एक उपाशी बघतो, एकमेकांसाठी थांबा म्हणून. तू चिटणीस ना, तुला एवढं ठाऊक न्हाई? तेव्हा माझी नजर पडद्यावर गेली. एकसष्ट चौकोनांत माणसं ताटल्या उचलून आमच्याकडे बघत होती. काही हसत होती. पाळकसाहेब दोन्ही हात हलवत होते, जे मी आशीर्वाद समजलो होतो.

मी आवाज सुरू केला, क्षमा मागितली. पाळकसाहेबांनी शब्द पुन्हा उच्चारले. घ्या, खा, असं ते म्हणाले आणि मी घेतलं, खाल्लं. पुढे बसलेल्याने उदाहरण घालून द्यावं असं मला वाटलं. मला नेहमीच असं वाटतं. आईने आपल्या ताटलीवर स्टीलचं झाकण घातलं.

हा हट्ट तिने कुठून आणला ते तुम्हाला सांगायला नको. किल्लारीकडच्या त्या पत्र्याच्या शेडांत तुम्ही तिसऱ्या रविवारी जीपमधून प्रभुभोजन घेऊन आला होता. बाबा जाऊन सतरा दिवस झाले होते. आईने तुम्हाला, सख्ख्या भावाला आणि पाळकाला, ट्रंकेवर बसवून ठेवलं, कारण शेवटच्या शेडमध्ये भाताचं पातेलं पोचलं नव्हतं. तुम्ही दोन तास बसलात. मी अकरावीत होतो आणि मला तुमच्यापुढे फार लाज वाटत होती. तेव्हापासून ती समोर कुणी उपाशी असताना जेवलेली नाही, आणि मीही त्याच घरात वाढलो आहे, एवढंच नोंदवतो.

उपासना संपल्यावर मला वाटलं, गाणी संपली, आता लुबना अभ्यासाला जाईल, आई खाईल, प्रकरण मिटेल. आई तेव्हा एवढंच म्हणत होती की पोरगी समोर आहे तोवर नको. मी एक-दोन किरकोळ व्यवस्था करून पाहिल्या, त्यांचा तपशील इथे आवश्यक नाही. पण दुपारी साडेबाराच्या सुमाराला आईने एकाएकी ठरवलं की आता ती लुबनाबरोबरच खाणार, दिवस मावळल्यावर. का, ते सांगितलं नाही. तिने जेवणही केलं नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई, मे महिना, लातूर. मी नीलाला फोन केला. ती म्हणाली की पाणी पाजा आणि वाद घालू नका.

मामा, त्या दिवशीची दुपार मी झाकणाजवळ बसून काढली. आशीर्वाद झालेली भाकर उघड्यावर कशी सोडायची? मुंग्या येतात. फ्रीजमध्ये ठेवावी तर तिथे कालची वांग्याची भाजी, आणि शेजारी मंजुश्रीचं विरजण. माठाच्या सावलीला ठेवली, भोवती पाण्याची रेघ ओढली. भाकर वाळून पापडासारखी झाली. त्याहून मोठी काळजी रसाची. बेचाळीस अंश उष्म्यात बेदाण्याच्या पाण्याला काय होतं हे मी दरवर्षी बारावीला शिकवतो. चारच्या सुमाराला टोपणात मला एक बुडबुडा दिसला. आपली मंडळी नशेच्या विरोधातली. आजोबांनी दारूबंदीच्या सभा घेतलेल्या. आणि त्यांची मुलगी रोजा सोडायच्या वेळेला आंबलेला द्राक्षरस पिणार, तोही माझ्या हातचा. मी वास घेतला. पुन्हा घेतला. मंजुश्री झोपाळ्यावरून म्हणाली, “सर, पाच मिलीत काय व्हायलंय? आमच्या मठातल्या पंचामृताला याच्यापेक्षा जास्त वास असतो.”

पावणेसातनंतर लांबून अजान ऐकू आली. लुबनाने खजूर घेतला, आईने झाकण काढलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि तो कडक तुकडा तोंडात घालून बराच वेळ चावत राहिली. मग टोपण. मंजुश्रीने दोघींना भजी वाढली. मीही चटईवर बसायला गेलो तर आई म्हणाली, “तुझं सकाळी झालंय न्हवं? मग बस बाजूला.”

ही घटना मंजुश्रीने कौतुकाने तिच्या आईला सांगितली, त्यांच्याकडून उदगीरच्या मंडळीत आणि तिथून मंगळवारी आमच्या पाळकसाहेबांकडे. ते चांगले आहेत; त्यांनी फक्त लेखी मागितलं. ते वडील मात्र ग्रुपवर तीन मुद्दे टाकून बसले: आशीर्वाद सकाळचा आणि सेवन संध्याकाळचं हे चालतं का, दुसऱ्या धर्माच्या उपासाने प्रभूच्या मेजाची वेळ ठरावी का, आणि टोपण. आईला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली की त्यांना म्हणावं रविवारी सगळ्यांनी या, माझ्याकडे भाकरी आहे. हे अहवालात घालता येत नाही.

तरी तुमचा निकाल दोन ओळींत, सहीनिशी पाठवावा. तुमच्या सहीपुढे इथे कुणी बोलत नाही. आईसाठी मी कुणाशीही भांडेन, पण माझी बाजू न्यायाची आहे याची आधी मला खात्री हवी. मामींना सलाम.

तुमचा भाचा,
शांतवन

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, पण एक जागा पोकळ आहे. ‘किरकोळ व्यवस्था’ असं लिहिलंय तिथे. आईसमोर लुबना असेपर्यंत आई खाणार नाही, म्हणून सव्वाअकराला मी लुबनाला म्हणालो की गच्चीवर हवा चांगली आहे, तिथे बसून वाच. गच्चीवर हवा नव्हती, मामा. मे महिन्यात आमच्या गच्चीवर चपलेशिवाय पाय ठेवता येत नाही. ती ‘हाव सर’ म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली. निर्जळी उपास असलेली पोर तासभर पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत बसली, आणि मी खाली आईला म्हणत होतो, आता कुणी नाही, आता घे. मंजुश्री छत्री घेऊन वर गेली आणि तिला घेऊन आली. लुबनाचा चेहरा तांबडालाल झाला होता. आई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिने ते दिवस मावळल्यावर खायचं ठरवलं. गच्चीबद्दल मला ती एक शब्दही बोलली नाही, अजून बोललेली नाही. सव्वीस वर्षांच्या माझ्या रोजनिशीत त्या दिवशी अशी नोंद आहे: ‘उष्मा फार. लुबना अभ्यासाला गच्चीवर गेली.’ गेली, असं लिहिलंय.

ता. क. दुसरा. तेव्हा आईबद्दलचा निकाल पाठवायची गरज नाही. मी पाळकसाहेबांना एका ओळीचा अहवाल देतो की रत्नम्माबाई यांच्याकडून चूक झालेली नाही. चिटणिसाकडून झाली आहे, तपशील समक्ष.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र लिहायचं कारण. लुबना एकोणीस तारखेला पास काढून आलेल्या जिलानीभाईंबरोबर बिलोलीला गेली. जाताना माझ्या पाया पडली. रोजा सोडताना रोज पहिला खजूर मला आणून द्यायची, आणि मी रोज घेत होतो. फोन मी चार वेळा लावला. चारही वेळा ती ‘सर’ म्हणाली आणि मी प्रकाशसंश्लेषण समजावून ठेवून दिला. या पाकिटात एक लहान पाकीट आहे, ते तिचं. जिलानीभाईंच्या दुकानात ठेवू नका, तिच्या हातात द्या, आणि तुमचे गुडघे परवानगी देत असतील तर ती वाचेपर्यंत तिथे थांबा. जिलानीभाईंनी विचारलं तर जे झालं ते सांगा. तिचं काही उत्तर येईपर्यंत मी मेजावर बसणार नाही. सात जूनला लिंक लावून देईन आणि उठेन. पाकीट उघडून पाहिलंत तरी हरकत नाही. आत एकच ओळ आहे. वरची सगळी पानं आज एका दुपारी झाली. त्या ओळीला चोवीस दिवस लागले, आणि अजूनही ती मला पुरेशी वाटत नाही.